एकही पाइप परत नाही

घड्याळजी आले तेच कपाळाला आठ्या घालून. दार लोटलं, पायपुसण्यावर बूट घासले, एकदा नाही, चांगले चारदा, आणि कोटाच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. या गृहस्थांनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि तेवढीच वर्षं याच कारखान्यातले पाइप ओढले. नजर अधू झाली तसं त्यांनी दुकान बंद केलं. बाकी सगळं शाबूत होतं. जीभ तर विशेष.

"पाइपवाले आहेत का?"

"तुमच्या नाकासमोर बसलेत," आत्या म्हणाली. ती पॉलिशच्या चाकावर होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्हीही आहात तर. आवाजावरून ओळखलं."

"आवाजावरूनच ओळखायचं आता. रूपावरून ओळखायचे दिवस गेले, तुमचेही आणि माझेही."

खिडकीपाशी बसलेले पाइपवाले, म्हणजे तिचे भाऊ दादा, हसले, पण उठले नाहीत. त्या खुर्चीवरून ते सहसा उठत नसत. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला फळ्यांवर लाकडाचे ठोकळे रचलेले. कुठल्याशा झुडपाच्या मुळाची ती गाठ. उकळायची, वाळवायची, मग दोन वर्षं तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्यानंतर ड्रिल, मग लेथ, मग आत्याचं चाक, आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीखाली दादांची खुर्ची, एक छोटं टेबल, टेबलावर एक हातोडी आणि ठसा. ठसा बोटाएवढा, पोलादी, दादांच्या आजोबांनी करून घेतलेला. दांडीवर तो बसला की पाइप या घराचा झाला.

पण तो असा सुखासुखी बसत नसे. दादा प्रत्येक पाइप रिकामाच तोंडाला लावत, डोळे मिटत आणि हवा आत ओढत. तंबाखू नाही, धूर नाही, नुसती हवा. चांगल्या पाइपातून हवा झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखी येते, आल्याचं कळतसुद्धा नाही. आत कुठे केसाएवढी फट राहिली असेल तर बारीक शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की दादा म्हणणार "परत", आणि पाइप डावीकडच्या ट्रेमध्ये. नाही वाजली तर ठसा, आणि पाइप उजवीकडे. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. दादांखेरीज कुणी पाइपला तोंड लावायचं नाही. विकायची वस्तू घरभर उष्टी करायची नाही, असा रिवाज.

आणखीही एक रिवाज होता. ज्याच्याकडे ठसा, त्याने लेथला हात लावायचा नाही. आपल्याच पाइपचा निवाडा आपणच कसा करणार? म्हणून दादा पस्तीस वर्षं खुर्चीत होते. लेथवर आधी एक म्हातारे मिस्त्री होते, ते गेल्यावर दादांची मुलगी आली. तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली लग्न होऊन कधीची लांब गेली, धाकटीची स्वतःची मुलं कॉलेजात जायला लागली, तरी ती धाकटीच राहिली.

आणि या धाकटीचा जीव तिसऱ्या रिवाजात अडकला होता. ज्याच्या हातचा एकही पाइप सलग तीन वर्षं परत येणार नाही, त्याला ठसा मिळायचा. दादांनी तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळवला होता. धाकटीने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा मारल्या होत्या, महिन्याला एक. चौतीस झाल्या होत्या. दोन राहिल्या होत्या. याबद्दल घरात कुणी बोलत नसे, पण कपाट उघडणारा प्रत्येक जण मनातल्या मनात मोजून घेई.

"बोला घड्याळजी," दादा म्हणाले. "काय म्हणतंय? पुढे पळतंय की मागे पडतंय?"

"तुमचा माल मागे पडलाय."

आत्याचं चाक थांबलं. धाकटीने लेथचं बटण बंद केलं.

"पूर्वीचं राहिलं नाही," घड्याळजी म्हणाले.

"हे मी माझ्या वडिलांपासून ऐकतोय. त्यांना लोक सांगायचे, तुमच्या वडिलांच्या वेळचं राहिलं नाही. अहो, तुमचा जुना पाइप तुम्ही तीस वर्षं ओढलाय. आत धुराची पुटं बसलीत, दातांच्या वळणाला आलाय तो. नवा पाइप कोरा. नवा बूट पहिल्या दिवशी चावतो, म्हणून काय चांभाराला शिव्या द्यायच्या?"

हे बुटाचं भाषण आजवर कधी वाया गेलं नव्हतं. कुरकुरत आलेले दुकानदार ते ऐकून हसत परत जात. पण घड्याळजी तयारीने आले होते.

"मला माहीत होतं तुम्ही बूटपुराण लावणार." त्यांनी फडकं उलगडलं. आत एकाच घाटाचे दोन पाइप. "हा बावीस वर्षांपूर्वीचा. दोन घेतले होते, एक मला, एक भावाला. भावाने त्याच आठवड्यात तंबाखू सोडली."

"एकदम?"

"बायकोने सोडायला लावली. तेव्हापासून हा कपाटात. एकदाही पेटलेला नाही. आणि हा दुसरा गेल्या महिन्यातला. हाही पेटवला नाही, कारण नुसता ओढून पाहिला आणि पेटवायची इच्छाच मेली. दोन्ही कोरे. आता लावा बूट."

आत्याने चाक पुन्हा सुरू केलं, आणि दादांनी जुना तोंडाला लावला. डोळे मिटले, हवा ओढली. मग नवा. पुन्हा जुना. पुन्हा नवा.

"दोन्ही सारखे."

"नवा वाजतो."

"वाजत नाही."

"अहो, शिट्टी आहे. बारीक. मला ती ऐकू येते आणि मग दुसरं काही सुचत नाही."

"घड्याळजी, आयुष्यभर टिकटिक ऐकून तुमचे कान बिघडलेत. उद्या भिंत वाजते म्हणाल."

"माझ्या कानांबद्दल बोलू नका. घड्याळातला एक दाता झिजला तरी दाराशी उभा राहून सांगायचो."

"तेच ते. आता तोंडातले झिजलेले दाते ऐकू येत असतील."

आत्या खुदकन हसली. घड्याळजी हसले नाहीत. त्यांनी फडक्याची नीट चौकोनी घडी केली आणि खिशात घातली. "दोन्ही ठेवून जातो. आठ दिवसांनी येईन. तेव्हा खरं काय ते सांगा." दाराशी जाऊन ते वळले. "दुसरीकडून घ्यायचा नाहीये मला. या वयात नव्या दुकानदाराशी ओळख काढायचा कंटाळा येतो."

दुपारी दादा जेवून वरच्या खोलीत आडवे झाले. आत्या मागच्या नळावर हात धूत होती. धाकटी लेथपाशी उभी होती आणि तिच्या डोक्यातून घड्याळजी जात नव्हते. राग आला होता तिला. चौतीस महिने एक पाइप परत नाही, आणि हा बाबा येऊन म्हणतो माल उतरला! तो चुकतोय हे एकदा स्वतः पाहावं, एवढ्याच हेतूने तिने टेबलावरचा नवा पाइप उचलला, दाराकडे एक नजर टाकली आणि तोंडाला लावला.

शिट्टी वाजली.

मोठी नाही. दोन घरं पलीकडे कुणीतरी किटली ठेवली असावी तशी. तिने पाइप फिरवून पुन्हा ओढला. पुन्हा तीच. जुना ओढला, काही नाही, नुसती हवा.

तिने नव्याची तोंडातली नळी दांडीतून उपसली आणि उजेडात धरली. नळीच्या टोकाला एक खुंटी असते, ती दांडीतल्या खोबणीत बसते. खुंटीने खोबणीच्या तळाला टेकलं पाहिजे. खुंटी जरा लांब झाली तर नळी आणि दांडी यांच्या सांध्यात बाहेरून फट दिसते, आणि ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरते. म्हणून करणारा माणूस खुंटी एक केस आखूडच ठेवतो. बाहेरून सगळं सुबक. पण तो केस आत राहतो, हवा तिथे घुटमळते आणि वाजते. उपाय सोपा. दांडीचं तोंड काचपेपरवर दोन फेरे घासायचं, की नळी तेवढी आत जाते. पूर्वी आठवड्याला दोन-तीन पाइप दादांकडून परत येत, धाकटी दोन फेरे घासून देई, आणि हाताला आठवण राही की केस म्हणजे केस. मग परत येणं थांबलं. आता तिने खुंटीकडे पाहिलं, तर तिथे एक केस नव्हता. चांगले तीन होते.

उजव्या ट्रेमध्ये ठसा मारलेले बारा पाइप होते, दुकानाला पाठवायचे. तिने पहिला उचलला. मग दुसरा. आत्या पदराला हात पुसत आत आली तेव्हा ती नवव्यावर होती.

"अगं ए! सगळा माल उष्टा करतेस की काय?"

धाकटीने नववा पाइप ओढला. आत्या जागच्या जागी थांबली.

"ही तर किटली झाली," ती म्हणाली.

"सात, आत्या. बारातले सात."

"आणि दादाने सगळ्यांवर ठसा मारलाय?"

"सगळ्यांवर."

मग आत्या स्टुलावर बसली. "किटलीवरून आठवलं. मागच्या हिवाळ्यात हा इथेच पेपर वाचत बसला होता आणि वर किटली बोंबलत होती. मी रस्त्यावरून ऐकली. धावत आले, तर पाणी आटून बूड काळं झालेलं, आणि हा आपला पान उलटतोय. मी म्हटलं पुरुष आहे, कशाला उठेल?"

"बोललेलं ऐकू येतं त्यांना."

"बोललेलं येतं. बारीक आवाज तेवढा गेला असणार. इथे दिवसभर चाक नि लेथ, सगळे ओरडूनच बोलतो आपण. कळणार कुणाला?"

धाकटी कपाटापाशी गेली आणि दार उघडून रेघांकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं होतं, हात बसला. कधीतरी नवऱ्याने विचारलंही होतं, हल्ली जिना चढताना गुणगुणतेस ती काय म्हणून. चौतीस महिने ती गुणगुणत होती. आणि हात बसला नव्हताच. दादांचे कान गेले होते, आणि त्या आडोशाला तिचा हात रोज थोडा थोडा सैल पडत गेला होता.

"मी सांगू का?" आत्या म्हणाली. "दोन महिने राहिलेत. गप्प बस. तू आधी गुपचूप ओढून बघायचा, वाजला तर घासायचा, मग त्याच्यापुढे ठेवायचा. माल चोख. दोन महिन्यांनी ठसा तुझा. मग तूच ओढशील, तूच ऐकशील. त्याला कळायचं कारणच नाही. म्हाताऱ्याला त्या खुर्चीशिवाय आहे काय दुसरं?"

यात वावगं काय, हे धाकटीला सांगता आलं नसतं. कुणाचं नुकसान नव्हतं. घड्याळजींचा पाइप नीट होणार, दुकानाचा माल नीट जाणार, दादांचा मान राहणार. तिने त्या दुपारी सातही पाइप घासून सरळ केले. पुढचे तीन दिवस ती प्रत्येक पाइप लेथच्या आडून, खोकल्याचं निमित्त करून ओढत राहिली. नऊ पाइपांत चार तिने स्वतःच स्वतःला परत केले. रात्री जेवताना दादांनी विचारलं, "खोकला बरा आहे का गं?" तेव्हा तिच्या घशात घास अडकला आणि खराच खोकला आला.

चौथ्या दिवशी सकाळी टपालवाला आला म्हणून ती दारापर्यंत गेली. तेवढ्यात आत्याने पॉलिश झालेले तीन पाइप उचलून दादांसमोर नेऊन ठेवले. त्यातला एक धाकटीने अजून ओढला नव्हता. ती टपाल घेऊन वळली तर दादांनी नेमका तोच तोंडाला लावलेला.

शिट्टी खोलीभर ऐकू आली. सातांपैकी एकही एवढा वाजला नव्हता. दादांचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की धाकटीला बघवेना. त्यांनी पाइप खाली घेतला, अंगठ्याने दांडी कुरवाळली.

"काय गं अक्का," ते आत्याला म्हणाले, "पोरीचा हात आता माझ्याहून बरा झाला." आणि त्यांनी ठसा उचलला.

"दादा, थांबा."

"काय झालं?"

"वाजतोय तो."

"कोण?"

"पाइप. वाजतोय. मला दारात ऐकू आला."

दादांनी तिच्याकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं, पुन्हा ओढला. मान हलवली. मग बहिणीकडे पाहिलं. आत्या नेहमी तोंडाने दहा गोष्टी बोलायची, पण त्या वेळी तिने फक्त मान खालीवर केली.

दादांनी ठसा जागेवर ठेवला. नळी उपसली, खिडकीच्या उजेडात धरली, खोबणीत करंगळीचं नख घातलं, मग तेच नख खुंटीला लावून माप घेतलं. डोळे आणि बोटं अजून पंचविशीतली होती.

"फट आहे," ते म्हणाले. "चांगली नखाएवढी. एवढी फट वाजलीच पाहिजे." नळी टेबलावर ठेवून म्हणाले, "म्हणजे घड्याळजी खरं बोलत होता."

"हो."

"आणखी किती?"

"त्या दिवशीच्या बारामध्ये सात होते. मी सरळ केले. बाकीचे कितीतरी विकले गेले."

"कधीपासून चाललंय हे?"

धाकटीने कपाटाचं दार उघडलं आणि तशीच बाजूला उभी राहिली. दादांनी रेघा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय येतंय ते धाकटीला कळेना. मग दादांचे खांदे हलायला लागले. ती घाबरून पुढे झाली, तर ते हसत होते.

"मी न्हाव्याला सांगितलंय," ते म्हणाले.

"काय?"

"पोरीचा हात बसला म्हणून. दर वेळी सांगतो. दाढी अर्धी झाली की सुरू करतो, म्हणजे त्याला उठून जाता येत नाही. जवळपास तीन वर्षं तो बिचारा ऐकतोय! आता त्याला काय सांगू?"

"मीपण स्वतःला तेच सांगत होते, दादा."

"दोघंही खुळे." त्यांनी डोळे पुसले. "खुळे, पण मजेत होतो गं. नाही?"

"मजेत होतो," धाकटी म्हणाली. आणि मग तिलाही हसू फुटलं, आणि त्याबरोबर चार दिवसांचं दडपण उतरलं.

"मला विचाराल तर," आत्या म्हणाली, "मी गप्प बसायला सांगितलं होतं."

"तू? गप्प? कुणाला?"

"बघ, हे कसं नीट ऐकू येतं त्याला!"

दादा खुर्चीवरून उठले. गुडघ्यांवर हात टेकून, पण उठले. धाकटीने ओलं फडकं घेतलं आणि एका दमात चौतीसच्या चौतीस रेघा पुसल्या. तिला वाटलं होतं, पुसताना रडू येईल. आलं नाही. फडकं तेवढं पांढरं झालं.

"बस," दादांनी खुर्ची दाखवली.

"नियम तीन वर्षांचा आहे."

"असू दे. ओढून ऐकायचं कुणी? मी? आजोबांनी नियम केला तेव्हा त्यांना वाटलं असेल, कान काय, सगळ्यांना असतात. बस म्हणतो ना. गुण मिळाले म्हणून बसवत नाहीये, गरज आहे म्हणून बसवतोय. तोंड वाकडं करू नकोस."

"मग लेथवर कोण?"

दादा आधीच लेथपर्यंत पोचले होते. त्यांनी ठोकळ्यांच्या फळीवरून हात फिरवला, एक उचलला, वास घेतला, ठेवला, दुसरा उचलला. पस्तीस वर्षं ते खुर्चीतून हे लाकूड बघत आले होते.

"याचं बटण कुठे गेलं?"

"ते जुनं लेथ, दादा. हे नवं. लाल बटण."

"लाल बटण थांबवायला असतं. सुरू करायला लाल कोण लावतो?"

"लावलंय त्यांनी. दाबा."

त्या दिवशी त्यांनी एक पाइप केला. धाकटीला दीड तास लागतो, त्यांना साडेतीन लागले. सबंध वेळ ते लाकडाशी बोलत होते. पाइप आत्याच्या चाकावरून फिरून खिडकीपाशी आला तेव्हा दादा खुर्चीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. तंबाखू भरायची वाटी अशी गोल की धाकटीला हेवा वाटला. तिने डोळे मिटले आणि ओढला.

"परत."

"शक्य नाही."

"वाजतोय, दादा."

"कुठे वाजतोय? आण इकडे. मला ऐकू दे."

"तेच तर तुम्हाला येत नाही ना ऐकू!"

आत्या चाकावर डोकं टेकवून हसली. दादा पाइप घेऊन गेले, दोन फेरे घासून आणला. परत. आणखी एक फेरा. या वेळी नुसती हवा आली. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा ठसा हातात घेतला. वाटला होता त्यापेक्षा थंड होता. तिने तो दांडीवर धरला आणि हातोडीचा ठोका दिला. ठसा जरा तिरका बसला. दादांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पाइप उजव्या ट्रेमध्ये ठेवला.

आठव्या दिवशी घड्याळजी आले. वादाचे सगळे मुद्दे त्यांनी वाटेत घोकले असावेत, कारण दारातून आत येतायेताच त्यांनी सुरुवात केली. "हे बघा पाइपवाले, माझं म्हणणं एवढंच की—"

"तुमचं खरं आहे," लेथवरून दादा म्हणाले. "माल उतरला होता. केसाएवढा. तीन केसांएवढा म्हणा. पोरीचा हात सैल पडला आणि माझे कान गेले, दोन्ही एकदम. आता ती बसते तिथे. सगळ्या दुकानांना कळवलंय, वाजणारे पाइप पाठवा, नीट करून देतो."

घड्याळजींची एवढी लांबून आणलेली भांडणाची तयारी अंगावरच राहिली. धाकटीने त्यांचा पाइप पुढे केला. त्यांनी ओढला. पुन्हा ओढला. डोकं तिरकं करून, श्वास रोखून ऐकलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. मग त्यांना राहवेना. "पण लाकडाबद्दल विचाराल तर पूर्वी ते जरा—"

"आता लाकडावर जाऊ नका," आत्याने बजावलं. "कानांचं झालं, बसा. चहा घ्या आणि घरी जा."

ते चहा प्यायले, आणि मग तासभर लेथपाशी खुर्ची टाकून दादांचं काम बघत बसले. दिसत फार नव्हतं, पण अवजाराच्या आवाजावरून ते सांगत, आता फार खोल जाताय, आता बरोबर. दादा वैतागत आणि ऐकत.

हळूहळू कामाची नवी वाटणी बसली. हात असून धाकटीने नुसतं खुर्चीत बसायचं, हे काही तिला मानवेना. तेव्हा ठरलं, सकाळी दादा लेथवर आणि धाकटी खुर्चीत. दुपारी धाकटी लेथवर आणि आत्या खुर्चीत. ठसा धाकटीचा, पण तिच्या पाइपचा निवाडा आत्या करणार. आत्याला तीन घरं पलीकडचं भांडण शब्दाशब्दाने ऐकू येई. पहिल्या दिवशी तिने धाकटीचे पाचच्या पाच परत केले, आणि वर म्हणाली की हा व्यवसाय आपण लहानपणीच करायला हवा होता.

"पाचही वाजत होते?" धाकटीने विचारलं.

"तीन वाजत होते. दोन मला आवडले नाहीत."

"आवडण्याचं काय आहे त्यात?"

"खुर्चीत कोण बसलंय?"

धाकटीने पाचही घेतले. त्या दोनांकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिलाही दिसलं की आत्याचं चुकत नाही. खुंटी बेताची होती, पण वाटीची कड घाईत उरकलेली. तिने ती पुन्हा घासली. आठवडाभराने पाचांतले दोन परत यायला लागले, मग एक. ते एक मात्र दर दिवशी येतच राहिलं, आणि त्याचं तिला वाईटही वाटेना. परत आलेला पाइप हातात घेतला की नेमकं कुठे चुकलं ते बोटांना कळत होतं. गेली तीन वर्षं बोटांना काहीच कळलं नव्हतं. जिना चढताना ती पुन्हा गुणगुणायला लागली आहे, असं नवऱ्याने सांगितलं. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर खाली आली तर कारखान्यात दिवा लागलेला. दादा लेथपाशी होते. भुवया भुशाने भरलेल्या, चष्मा कपाळावर, आणि समोर तीन पाइप ओळीने मांडलेले.

"कधी आलात?"

"झोप येईना. ये, बस पटकन. हे तीन बघ."

"चहा तरी घेऊ द्या, दादा."

"चहा मग. आधी हा मधला ओढ. तो जाणार, मला माहीत आहे. बाकीच्या दोघांचा भरवसा नाही."

धाकटीने खुर्ची ओढली, मधला पाइप उचलला आणि डोळे मिटले. दादा तिच्या चेहऱ्याकडे बघत, श्वास रोखून उभे राहिले.